शाकाहारी ट्रेतलं पाणी

"मावशी, चौथ्यांदा फसलं बघा," नकाशेकाका फोनवर म्हणाले.

काय फसलं हे विचारायची गरज नव्हती. कचेरीत नकाशे काढणारे काका निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्यांनी घरच्या ओव्हनमध्ये मसुराचा आणि भाज्यांचा ट्रे चार वेळा भाजला होता, आणि चारही वेळा काकूंनी दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं होतं. कृती मावशीनेच दिलेली. निरोपाच्या दिवशी, कागदावर, स्वतःच्या अक्षरात. अख्खे मसूर दोन वाट्या, गाजर, लाल भोपळा, कांदा, टोमॅटो, लसूण, तेल, मीठ, मिरपूड आणि गरम पाणी. शेवटचा शब्द सोडला तर सगळं खरं होतं.

"माझ्या हातालाच चव नाही हो," काका म्हणाले. "तुम्ही एकदा घरी येऊन दाखवाल का? तिचं वजन पुन्हा उतरलंय."

"उद्या दुपारी येते," मावशी म्हणाली. नाही म्हणायला तिला तोंड कुठे होतं?

ही मावशी तशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या कँटीनमध्ये ती अकरा वर्षं होती, आणि कँटीनच्या खिडकीपलीकडे उभ्या राहणाऱ्या बाईला मावशी म्हणायची पद्धत असल्यामुळे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती मावशी झाली होती. कँटीनचा मुख्य आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तो मटण-कोंबडीतला दर्दी. भाजी म्हणजे त्याच्या लेखी ताटाच्या कडेला ठेवायची शोभा. शाकाहारी ट्रे त्याने मावशीच्या गळ्यात मारला होता. "चारपाच जण आहेत पालापाचोळा खाणारे, त्यांचं तू बघ," एवढंच त्याचं मार्गदर्शन. मावशी इमानाने ट्रे लावायची आणि तो रोज अर्धा परत यायचा. वस्ताद तो कचऱ्यात उपडा करताना मुद्दाम तिच्याकडे बघायचा.

मग दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी गरम पाण्याचा बंब बिघडला. थंड पाण्यात मसूर टाकले असते तर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दाताखाली खडे लागले असते. मागच्या शेगडीवर वस्तादाचं मोठं पातेलं नेहमीप्रमाणे रटरटत होतं. कोंबडीची हाडं सकाळपासून उकळून काढलेलं ते पाणी तो सगळ्या रश्शांत घालायचा. मावशीने इकडे तिकडे पाहिलं आणि त्या पातेल्यातल्या चार मोठ्या पळ्या ट्रेत ओतल्या. एका दिवसाने काय होतंय, असं ती मनाशी म्हणाली.

त्या दिवशी ट्रे चाटूनपुसून परत आला. हिशेब विभागातली एक बाई खास खिडकीपाशी येऊन म्हणाली, मावशी, आज काय जादू केलीत?

दुसऱ्या दिवशी बंब दुरुस्त झाला. आणि दुसऱ्या दिवशीही मावशीची पळी मागच्या पातेल्यातच गेली. खरी गोम इथे आहे. पहिल्या दिवशी अडचण होती म्हणून तिला माफ करता येईल. दुसऱ्या दिवशी कसलीही अडचण नव्हती, तिला पुन्हा कुणीतरी खिडकीपाशी यायला हवं होतं.

आणि लोक आले. कचेरीने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तीही चढली. मांसाहार करणारेही शाकाहारी ट्रेपुढे रांग लावू लागले. वस्तादानेही एकदा चमचाभर खाऊन पाहिलं, भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "हाताला चव आहे हो तुझ्या." त्याला ओळखू आलं नसेल असं म्हणवत नाही, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही. वर्ष संपायच्या आत मावशी मदतनीसाची स्वयंपाकीण झाली, तिला बटणांचा पांढरा कोट मिळाला. ट्रेपुढे ठेवायच्या पुठ्ठ्यावर हिरव्या पेनने 'शाकाहारी' असं तिनेच लिहिलं होतं. शेजारी एक पानही काढलं होतं, देठासकट.

नकाशेकाका स्वतः वस्तादाच्या रश्श्याचे गिऱ्हाईक. ते शाकाहारी ट्रेकडे वळले ते निवृत्तीच्या सहा महिने आधी, हातात रिकामा डबा घेऊन. काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, औषधांनी तोंडाची चव गेली होती, काही घशाखाली उतरत नव्हतं. "सगळे तुमच्या ट्रेचं कौतुक करतात, म्हटलं बघू," काका म्हणाले होते. आणि मग खिडकीतून जरा वाकून, "शाकाहारीच ना नक्की? तिचं फार कडक आहे. चाळीस वर्षांत कधी शिवलेली नाही. का, ते मलाही सांगितलेलं नाही तिने."

"शंभर टक्के," मावशी म्हणाली होती. पापणीसुद्धा लवली नव्हती तिची.

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला डबा घेऊन आले. काकूंनी सगळं संपवलं होतं, वर आणखी आहे का विचारलं होतं. काकांचे डोळे भरून आले होते आणि मावशी नुसती मान हलवत उभी होती. तेव्हापासून डबा रोजचा झाला.

ती अगदीच निगरगट्ट होती असं नाही. एका बुधवारी तिने मनाचा हिय्या केला आणि ट्रेत साधं पाणी घातलं. गुरुवारी काका आले ते उतरलेला चेहरा घेऊन. "काल तिने दोन चमचे खाऊन झाकण लावलं," ते म्हणाले. मावशीने लगेच मागच्या पातेल्यात पळी बुडवली, आणि यापुढे हे आपण आपल्या कौतुकासाठी नाही, एका आजारी बाईसाठी करतो आहोत अशी स्वतःची समजूत घातली. समजूत इतकी सोयीची होती की ती डबा चालू होता तोवर टिकली. कँटीन फक्त कामावरच्या माणसांसाठी होतं, त्यामुळे काका निवृत्त झाले आणि डबा थांबला. आता मसूर काका भाजत होते आणि बेचवपणाचं खापर स्वतःच्या माथी फोडून घेत होते.

शनिवारी कँटीन अर्धा दिवस चालायचं. निघताना मावशीने स्टीलची पाण्याची बाटली मागच्या पातेल्यावर धरून भरली. न्यायला काय हरकत आहे, नेली म्हणजे वापरलीच पाहिजे असं थोडंच, असं म्हणत तिने झाकण घट्ट केलं. रस्ताभर ती बाटली तिच्या कुशीला पिशवीतून ऊब देत होती.

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर काकूंचा फुलाफुलांचा ॲप्रन होता. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काकू खुर्चीत बसल्या होत्या. मावशी त्यांना पहिल्यांदाच पाहत होती. आपण सहा महिने जेवू घातलेली बाई इतकी लहानखुरी असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"या," काकू म्हणाल्या. "यांना कधीची सांगत होते, त्या बाईंना एकदा घरी आणा. मला उठवलं ते डॉक्टरांनी नाही, तुम्ही."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कसचं, काहीतरीच," असं काहीसं पुटपुटून ती स्वयंपाकघरात शिरली.

ओट्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. मसूर सकाळीच भिजवलेले, भाज्या धुतलेल्या, ओव्हन तापत लावलेला. आणि एक उघडी वही. तीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढलेला माणूस तो. त्याने ट्रेचाही नकाशा काढला होता. डाव्या अंगाला भोपळा, मधल्या पट्ट्यात गाजर, कडेने कांदा, पाण्याची पातळी बारा मिलिमीटर. कोपऱ्यात एक बाण होता आणि त्यावर 'उत्तर' लिहिलं होतं.

"हे उत्तर कशाला, काका?"

"ओव्हन मागच्या बाजूने जास्त तापतो ना. ट्रे कुठल्या तोंडाने ठेवला ते कळायला हवं," काका जरा ओशाळून म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर सवय."

मावशी हसली. मग तिची नजर खाली गेली. खाली तारखांसकट नोंदी होत्या. पहिला प्रयत्न, दोन घास, मीठ वाढवावे. दुसरा प्रयत्न, दोन घास, लसूण वाढवावा. तिसरा प्रयत्न, तीन घास, बहुधा माझ्यासाठी खाल्ले. चौथा प्रयत्न, दीड घास. त्यापुढे दोनच शब्द होते, दोष माझा. मावशीचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

ती कामाला लागली, कारण तेवढंच तिला नीट जमत होतं. भोपळ्याच्या फोडी मोठ्या ठेवा, नाहीतर त्या विरघळतात. गाजर बारीक हवं, ते हट्टी असतं. मसूर निथळून आधी तळाला पसरा, भाज्यांना तेल-मीठ चोळून मग वर ठेवा. टोमॅटोच्या फोडी शेवटी, कापलेली बाजू वर. काका प्रत्येक वाक्याला वहीत टिपण करत होते. हात चालू असताना पाव तास तरी मावशी सगळं विसरली, आणि शिकवण्याची शेखी मिरवायलासुद्धा तिला बरं वाटलं.

"आता पाणी," काका म्हणाले. "उकळून ठेवलंय." तेवढ्यात बाहेरून काकूंनी औषधासाठी हाक मारली आणि ते गेले.

मावशी एकटी उरली. बारा मिलिमीटर पाणी म्हणजे ती बाटली जवळपास पुरली असती. तिने पिशवीतून बाटली काढली, झाकण फिरवलं. त्या स्वच्छ घरात चाळीस वर्षं जो वास कधी आला नव्हता तो भपकन वर आला. तिचा हात तसाच राहिला. घालावं की घालू नये हे ती ठरवत होती असं म्हणणं फार झालं. ती नुसती घाबरून उभी होती.

"काय आहे ते?" काका दारात होते, हातात फॉइलची गुंडाळी.

मसाल्याचं पाणी, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण वही समोर उघडी होती.

"हाडांचं पाणी आहे," मावशी म्हणाली. "कोंबडीच्या. कँटीनमधल्या पातेल्यातलं. ट्रेत मी हेच घालते, काका. दोन वर्षं झाली."

काकांनी गुंडाळी ओट्यावर ठेवली. "डब्यातही?"

"डब्यातही."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही शंभर टक्के म्हणालात."

"हो," मावशी म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं होतं. आता ते ओरडतील, तिला दाराबाहेर काढतील, आणि तसं झालं तर बरंच, असंही तिला वाटत होतं. काका ओरडले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, कडी सरकवली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "घाला."

"काका, नको."

"ती जेवत नाहीये हो. परवा जिन्यात बसली, उठवेना तिला. सहा महिने घातलंत तेव्हा काही वाईट झालं का? झालं ते चांगलंच. तिला कळायची काय गरज आहे? आज घाला, मला दाखवा कुठून आणायचं आणि किती घालायचं. पुढचं मी बघेन."

यातलं एकही वाक्य मावशीला नवीन नव्हतं. सहा महिने तिने स्वतःला हेच सांगितलं होतं, याच क्रमाने. पण दुसऱ्याच्या तोंडून, बंद दाराआड, कुजबुजत्या आवाजात ऐकल्यावर तिला त्याची किळस आली. या माणसाने आजवर बायकोपासून काही लपवलं नसावं, आणि आज तो लपवायचं कसं ते तिच्याकडून शिकत होता, वही समोर उघडी ठेवून.

"माझ्याने आता होणार नाही," ती म्हणाली आणि बाटली त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हाला घालायचं तर घाला."

यात फार मोठं शौर्य होतं अशातला भाग नाही. ओझं उचलून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच. काकांनी बाटली घेतली, ट्रेवर धरली, थोडी तिरकी केली. नळाच्या जाळ्यात केसाएवढी चूक खपवून न घेणारा माणूस बराच वेळ तसा उभा राहिला. मग त्यांनी बाटली सरळ केली, झाकण लावलं आणि ती मावशीच्या पिशवीत परत ठेवली. किटलीतलं साधं पाणी त्यांनी कडेकडेने ओतलं आणि पट्टी बुडवून पातळी मोजली.

फॉइल लावून चाळीस मिनिटं, काढून पंधरा मिनिटं. तेवढा वेळ दोघं स्टुलांवर बसून होते. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ट्रे बाहेर आला तेव्हा दिसायला चांगला होता, कांद्याच्या कडा करपून गोड झाल्या होत्या, मसूर मऊ झाले होते. मावशीने ताट वाढलं आणि ते काकूंपुढे नेऊन ठेवलं, कारण काकांना उठवत नव्हतं.

काकूंनी एक चमचा खाल्ला, सावकाश चावला. दुसरा खाल्ला. मग त्या ओशाळून हसल्या.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. तुम्ही इतक्या लांबून आलात. पण कँटीनची चव नाही याला. की माझंच तोंड गेलं पुन्हा?"

काका दारात येऊन उभे राहिले होते. हो म्हणून टाका, असं त्यांचे डोळे म्हणत असावेत. मावशीने तिकडे बघायचं टाळलं.

"तुमच्या तोंडाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कँटीनच्या ट्रेत मी कोंबडीच्या हाडांचं पाणी घालायचे. डब्यात येत होतं ते तेच."

काकूंनी चमचा ताटात ठेवला.

"रोज?"

"रोज. फक्त एक दिवस नाही. एका बुधवारी साधं पाणी घातलं होतं."

"तो दिवस मला आठवतो," काकू म्हणाल्या. "पहिल्यासारखंच लाकूड लागलं तोंडाला. मला वाटलं, दुखणं उलटलं. हे झोपल्यावर मी तोंडात बोळा घालून रडले त्या रात्री."

मावशीला हे माहीत नव्हतं. त्या बुधवारची तिने स्वतःशी चांगलं काम म्हणून नोंद केली होती. तिची मान आणखी खाली गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" काकूंनी काकांना विचारलं.

"आत्ता कळलं," काका म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "कळल्यावरही मी घालणार होतो. हात झाला नाही."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती माफी होती की नाही, हे मावशीला कळलं नाही आणि तो तिचा प्रश्नही नव्हता.

"मी ऑपरेशननंतर जगेन असं कुणालाच वाटत नव्हतं," काकू मावशीकडे वळून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला मात्र जगायचं होतं. तुम्ही विचारलं असतं ना, की बाई, हे घातलं तर जेवशील, घालू का, तर मी कदाचित हो म्हटलं असतं. चाळीस वर्षांचं माझं मी मोडलं असतं. आता ते मी मोडलेलंही नाही आणि पाळलेलंही नाही."

चुकलं, माफ करा, हे शब्द तिच्यापाशी होते, पण ते काढायचीही तिला लाज वाटली.

"आणखी कोण कोण खातं ते?"

"कचेरीत चौघं जण आहेत शाकाहारी."

"त्यांनाही सांगा. सोमवारीच."

"सांगते," मावशी म्हणाली. खिडकीपाशी येऊन जादू विचारणारी ती हिशेबातली बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. नोकरी राहील की जाईल, हा विचार तिच्या मनात त्यानंतर आला, आणि निदान एकदा तरी तो नंतर आला.

"आणि आता तुम्ही जा," काकू म्हणाल्या. त्यांनी चमचा पुन्हा उचलला होता. "मी रागाने नाही म्हणत. मला जेवायला हवंय, आणि तुमच्यासमोर मला जेववणार नाही."

अकरा वर्षांत मावशीला कुणी असं बोललं नव्हतं. अळणी म्हणाले होते, करपलंय म्हणाले होते. तिने पिशवी उचलली. काकांनी दार उघडून धरलं, ती बाहेर पडल्यावर अलगद लावून घेतलं.

जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. दार पातळ होतं. आत ताटात चमचा वाजतोय का, ते ती कान देऊन ऐकू लागली. एकदा वाजल्यासारखा वाटला. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. तिला बरं वाटलं, खात आहेत म्हणून. आणि पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण मोजतोय, घास किती झाले ते, आणि मनातल्या मनात म्हणतोय की भोपळा मोठा चिरायला मीच सांगितलं होतं.

तिची कानशिलं तापली. पावलांचा आवाज होणार नाही अशी, चोरासारखी, ती तिन्ही मजले उतरून खाली आली.